विश्लेषण : कुत्रा सतत खाजवतो आणि सतत घाबरतो... आधी उपचार कशावर?

'प्युअर ब्रीड, टॉप क्वालिटी, ३५ दिवसांचे पिल्लू, होम डिलिव्हरी'. मोबाइलवर अशी जाहिरात दिसते, फोटो आवडतो, पैसे ऑनलाइन जातात आणि एखाद्या टोलनाक्याजवळ किंवा सोसायटीच्या गेटवर पुठ्ठ्याच्या खोक्यातून पिल्लू हातात पडते. आई-बाप दिसत नाहीत, जागा दिसत नाही. सहा-सात महिन्यांनी चित्र बदलते. डोळ्यांभोवतीचे केस गेलेले, पंजे चाटून लाल झालेले, रात्रभर खाजवण्याचा आवाज. दारावरची बेल वाजली की सोफ्याखाली, कुकरची शिट्टी झाली की बाथरूममध्ये. घरातल्या मुलाने डोक्यावर हात ठेवला की गुरगुर. मग घरात दोन गट पडतात. एक म्हणतो डॉक्टर बदलू, दुसरा म्हणतो ट्रेनर लावू. तिसरा पर्यायही दबक्या आवाजात पुढे येतो. कुणाला तरी देऊन टाकू. हा तिसरा पर्याय निवडण्याआधी या कुत्र्याला नेमके काय झाले आहे आणि त्यातले किती सुधारू शकते, हे समजून घ्यायला हवे.

या विश्लेषणापुरते अशा कुत्र्याला ब्रूनो म्हणू. आठ महिन्यांचा, 'लॅब्रॅडॉर' म्हणून विकलेला.

या दोन तक्रारी आहेत की एकच?

बहुतेक घरांत त्या दोन मानल्या जातात. त्वचेसाठी डॉक्टर, स्वभावासाठी ट्रेनर. प्रत्यक्षात त्या एकमेकींत गुंतलेल्या असतात. खाज म्हणजे केवळ 'जरा खाजवतोय' एवढेच नसते. ती झोप मोडते, लक्ष एका जागी टिकू देत नाही आणि स्पर्श नकोसा करते. ब्रिटनमधील नॉटिंगहॅम विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये ॲलर्जीक त्वचारोग असलेल्या ३४३ आणि निरोगी ५५२ कुत्र्यांच्या मालकांकडून माहिती घेतली. आजारी कुत्र्यांमध्ये खाज जितकी तीव्र, तितके वस्तू चावणे, अन्न चोरणे, सतत लक्ष वेधून घेणे, अतिचंचलता असे प्रकार जास्त आणि शिकवलेले आत्मसात करण्याचे प्रमाण कमी, असे त्यात दिसले. ही माहिती मालकांनी दिलेली होती आणि केवळ संबंध आढळला म्हणून कारण सिद्ध होत नाही. तरीही पंधरा दिवस धड न झोपलेल्या माणसाला गणित शिकवायला बसवले तर काय होईल, हे वेगळे सांगायला नको.

'डोक्यावर हात ठेवला की गुरगुरतो' हे वाक्य पुन्हा पाहू. त्वचेच्या ॲलर्जीत कानाचा संसर्ग अगदी नेहमीचा. कान आतून सुजलेला असेल, तर डोक्याकडे येणारा हात म्हणजे दुखणे. अशा कुत्र्याला 'डॉमिनंट झालाय, शिस्त लावा' असा सल्ला मिळतो. कानात बॅटरी टाकून कुणी पाहिलेलेच नसते.

स्वभावामागे शरीर कसे दडलेले असू शकते, याचे एक जुने उदाहरण अमेरिकेतले आहे. आर्कान्सा विद्यापीठात १९६० च्या दशकात पॉइंटर जातीच्या कुत्र्यांच्या दोन वंशरेषा जोपासल्या जात होत्या. एक सामान्य स्वभावाची, दुसरी माणूस दिसला की थिजून जाणाऱ्या घाबरट कुत्र्यांची. भीती पुढच्या पिढीत उतरते, हे या कुत्र्यांनी दाखवले. मात्र, या घाबरट रेषेतल्या बऱ्याच कुत्र्यांना जन्मतःच ऐकू येत नव्हते, हे पुढच्या काळात लक्षात आले.

'३५ दिवसांचे पिल्लू' यात बिघडते काय?

पिल्लाच्या आयुष्यातला साधारण तिसरा ते बारावा-चौदावा आठवडा हा जगाची ओळख होण्याचा काळ. या दिवसांत जे आवाज, माणसे, जमिनी, वास ओळखीचे होतात, ते पुढे धोक्याचे वाटत नाहीत. जे राहून जाते, ते परके राहते. अंधाऱ्या खोलीत पिंजऱ्यांच्या रांगेत वाढलेल्या पिल्लाला फरशी पुसण्याचा मॉप हासुद्धा अनोळखी प्राणी असतो.

याच काळातले पहिले काही आठवडे आई आणि भावंडांचे. किती जोरात चावले की समोरचा कळवळतो, खेळ कुठे थांबवायचा, हे पिल्लू त्यांच्याकडूनच शिकते. इटलीतील एका पाहणीत १४० कुत्र्यांची तुलना केली होती. निम्मी ३० ते ४० दिवसांची असताना आईपासून तोडलेली, निम्मी दोन महिन्यांची झाल्यावर. लवकर तोडलेल्यांमध्ये फिरताना घाबरणे, आवाजांना दचकणे, अति भुंकणे, वस्तू फोडणे हे प्रकार जास्त आढळले. हा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. जाहिरातींतले '३५ दिवस' नेमके याच गटात बसतात.

पिल्लू इतके लहान का विकतात? मोठे होईल तसे ते जास्त खाऊ लागते, लशीचा खर्च येतो, जागा अडते आणि बाहुलीसारखे दिसणेही कमी होते. कारण एवढेच आहे.

'लाइन खराब आहे' म्हणजे नेमके काय?

चांगला पैदासकार रक्ताचे नाते टाळतो, तब्येत आणि स्वभाव तपासतो आणि दोष असलेल्या प्राण्याला पैदाशीतून बाजूला काढतो. हौसेने किंवा जोडउत्पन्न म्हणून 'क्रॉसिंग' करणाऱ्याकडे एक-दोन नर आणि तीन-चार माद्या असतात. दोन पिढ्यांत सगळे एकमेकांचे नातलग होतात. सख्ख्या भावंडांच्या पिल्लात अंतःप्रजननाचे गुणोत्तर २५ टक्के असते. म्हणजे त्याच्या जनुकांच्या एखाद्या जोडीतील दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून आलेल्या असण्याची शक्यता चारात एक. एरवी एका चांगल्या प्रतीमागे झाकला जाणारा दोष अशा वेळी उघडा पडतो.

केनेल क्लबचा कागद असला म्हणजे हा धोका टळतो, असे नाही. तो कागद वंशावळ सांगतो, प्रकृती नाही.

लूत, खरूज की ॲलर्जी?

मराठीत 'लूत लागलेला कुत्रा' म्हटले की केस गेलेला कुठलाही कुत्रा डोळ्यांसमोर येतो. पण या एका शब्दाखाली किमान चार वेगवेगळे आजार मोडतात आणि त्यांचे उपचार एकमेकांच्या विरोधातही जाऊ शकतात.

पहिला डेमोडेक्स. हा अतिसूक्ष्म किडा केसांच्या मुळांशी राहतो आणि बहुतेक निरोगी कुत्र्यांच्या अंगावरही असतोच. जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत, दूध पिताना तो आईकडून पिल्लात येतो. प्रतिकारशक्ती नीट असेल तर त्याची संख्या आटोक्यात राहते. ती कमी पडली की डोळ्यांभोवती, तोंडाजवळ, पुढच्या पायांवर टक्कल पडते. थोड्या जागी असेल तर बहुतांश पिल्लांत ते आपोआप भरून येते. अंगभर पसरले, तर त्यामागे बहुधा आनुवंशिक दुबळेपणा असतो. म्हणूनच अशा कुत्र्याची पैदास करू नये, असे त्वचारोगतज्ज्ञ सांगतात. हा आजार माणसाला होत नाही.

दुसरी खरूज. हा किडा वेगळा, सार्कोप्टिस. कानांच्या कडा, कोपरे, पोट यांवर खपल्या धरतात आणि खाज भयंकर असते. ही एका कुत्र्यापासून दुसऱ्याला लागते. घरातल्यांच्या हातावर, पोटावरही लाल पुरळ उठू शकते. तिसरा गजकर्णासारखा बुरशीचा संसर्ग. तोही माणसाला लागतो. घरातल्या मुलाच्या अंगावर गोल चट्टा दिसला तर त्याच्या डॉक्टरांना 'घरी कुत्रा आहे आणि त्याचे केस गळत आहेत' हे आवर्जून सांगावे.

चौथी ॲलर्जी. पंजे, काखा, पोट, कान, तोंड ही तिची ठिकाणे. बहुधा सहा महिने ते तीन वर्षे या वयात ती सुरू होते. आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत तिच्यावर यीस्टची बुरशी चढते. आंबूस वास, काळवंडलेली जाड कातडी आणि तेलकटपणा ही तिची खूण. गोचीड आणि पिसवा यांचा उपद्रव वेगळाच, आणि तो वर्षभर.

यातले काय आहे, हे नुसते पाहून सांगता येत नाही. त्वचा हलकेच खरवडून, थेंबभर तेलात घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे ही पहिली पायरी आहे. लागते काय, तर ब्लेड, काच आणि सूक्ष्मदर्शक. शिवाय चिकटपट्टी लावून यीस्ट आणि जिवाणू पाहणे आणि कानातला मळ तपासणे. त्वचेच्या तक्रारीवर तिसऱ्यांदा दवाखान्यात जाऊनही खरवडून पाहिलेले नसेल, तर मालकाने स्वतःहून विचारावे. अवघड प्रकरणांसाठी परळचे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय, तसेच नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये हा पर्याय आहे.

इंजेक्शनने थांबते, आठवड्याने परत का सुरू होते?

बऱ्याचदा ते इंजेक्शन स्टेरॉइडचे असते. ॲलर्जीत योग्य मात्रेत, थोड्या दिवसांसाठी त्याचा उपयोग होतो. पण डेमोडेक्स असेल तर स्टेरॉइड प्रतिकारशक्ती आणखी दाबते आणि किडे वाढतात. आठवडाभर बरे वाटते आणि मग दुप्पट पसरते.

स्टेरॉइडने तहान, लघवी आणि भूक वाढते. शू करायला बाहेर जायची सवय लागलेला ब्रूनो अचानक हॉलमध्ये लघवी करतो, ओट्यावरची पोळी पळवतो. घरचे रागावतात. आधीच घाबरट असलेला कुत्रा आणखी दबतो. औषधाच्या परिणामाची शिक्षा कुत्र्याला होते आणि वहीत कुठेही याची नोंद राहत नाही.

डेमोडेक्स आणि खरूज यांवर आता फ्लुरालानर, अफोक्सोलानर, सारोलानर या गटातल्या गोळ्या प्रभावी ठरल्या आहेत. कुत्र्याला कधी झटके आले असतील तर ते डॉक्टरांना आधी सांगायला हवे, कारण या गटाबाबत तसा इशारा आहे. केस परत आले म्हणून औषध थांबवायचे नसते. महिन्याच्या अंतराने दोनदा तपासणी स्वच्छ येईपर्यंत आणि त्यानंतरही महिनाभर ते चालू ठेवावे, अशी जागतिक पशु-त्वचारोग संघटनेची २०२० ची मार्गदर्शिका सांगते. बहुतेक घरांत ते नेमके पहिल्या महिन्यात थांबते.

दोन गोष्टी मात्र अजिबात करू नयेत. जनावरांसाठीचे आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन अंदाजाने देणे ही पहिली. कोली आणि त्याच्या जवळच्या जातींमध्ये एमडीआर-१ या जनुकातल्या बिघाडामुळे ते मेंदूपर्यंत पोहोचते आणि जिवावर बेतू शकते. मिश्र रक्ताच्या कुत्र्यात ते जनुक आहे की नाही, हे दिसण्यावरून कळत नाही. दुसरी गोष्ट गाडीचे जळके ऑइल. गॅरेजमधून आणून कुत्र्याला फासण्याचा हा उपाय गावांतच नाही, शहरांतही अजून ऐकायला मिळतो. कुत्रा ते चाटतो. त्यातले विषारी घटक पोटात आणि कातडीतून रक्तात जातात.

चिकन बंद केले, तरी खाज का जात नाही?

कारण फक्त चिकन बंद करून उत्तर मिळत नाही. अन्नाची ॲलर्जी ओळखण्याचा विश्वासार्ह मार्ग एकच आहे. किमान आठ आठवडे, पूर्वी कधीच न खाल्लेले प्रथिन किंवा डॉक्टरांनी दिलेले विघटित प्रथिनांचे अन्न आणि बाकी काहीही नाही. अन्नाची ॲलर्जी असलेल्या दहापैकी नऊहून अधिक कुत्र्यांत आठ आठवड्यांत फरक दिसतो. त्यानंतर जुने अन्न पुन्हा देऊन खाज परत येते का, हे पाहायचे. रक्ताच्या चाचण्या यात फारशा कामाच्या नाहीत.

ही चाचणी मराठी घरात कशी फसते, हे कुठल्याही पशुवैद्यकाला विचारावे. आजी सकाळच्या चहाबरोबर अर्धे बिस्कीट देतात. दुपारी मुलाच्या ताटातला दहीभात सांडतो. वॉचमन गेटवर पाव घालतो. चवीची जंतनाशक गोळी असते, त्यातही प्रथिन. गोमांस, दूध, चिकन आणि गहू हे कुत्र्यांच्या अन्न-ॲलर्जीत वारंवार सापडणारे घटक आहेत. म्हणजे दूध-पोळी आणि चिकन-भात या आपल्या दोन्ही ठरलेल्या जेवणांत संशयित हजर असतो. आठ आठवड्यांचा तक्ता फ्रिजवर लावणे आणि आजींना सर्वांत आधी विश्वासात घेणे, हे यात औषधाइतकेच महत्त्वाचे.

अन्नाचे निघाले नाही आणि किडेही नाहीत, तर उरते ती धूळ, परागकण यांसारख्या गोष्टींची ॲलर्जी. ती मुळापासून जात नाही, आटोक्यात ठेवता येते. ऑक्लासिटिनिबसारख्या गोळ्या, वर्षभर गोचीड-पिसवांचा बंदोबस्त आणि औषधी शाम्पू हे तिचे साधन.

शाम्पूबाबत नेहमीची चूक म्हणजे लावला की लगेच धुणे. क्लोरहेक्सिडिनचा शाम्पू अंगावर दहा मिनिटे राहायला हवा. माणसांचा शाम्पू किंवा जंतुनाशक द्रावण वापरू नये. पाणी कोमट किंवा गार ठेवावे. पावसाळ्यात बोटांच्या बेचक्या कोरड्या करणे विसरू नये.

भीतीवर काम केव्हा सुरू करायचे?

क्रम असा की आधी खाज आणि वेदना कमी करायच्या, त्यासोबत घर शांत करायचे, आणि शिकवणे त्यानंतर. याचा अर्थ तीन महिने स्वभावाकडे दुर्लक्ष करायचे असा नाही. पहिल्या दिवसापासून करायची गोष्ट म्हणजे भीतीला आणखी खतपाणी न घालणे.

घरात एक जागा ब्रूनोची. टेबलाखाली, कपाटाच्या कोपऱ्यात, जिथे तो स्वतःहून जातो तीच. तिथे गेल्यावर कुणी त्याला ओढून काढायचे नाही, पाहुण्यांना दाखवायचे नाही. 'सवय होऊ दे' म्हणून गर्दीत नेणे उलटे पडते. तुळशीबागेत नेलेला घाबरट कुत्रा गर्दीला सरावत नाही. तो फक्त थिजतो, आणि थिजलेला कुत्रा शांत झाल्यासारखा दिसतो.

शिकवण्याचे सूत्र अंतर हे आहे. समजा ब्रूनोला स्कूटरची भीती वाटते. किती लांबून तो स्कूटर पाहतो, पण खाऊ घेतो? ३० फुटांवर घेत असेल तर काम ३० फुटांवर. स्कूटर दिसली की खाऊ, गेली की खाऊ बंद. काही दिवसांनी २५ फूट. खाऊ नाकारला, जांभया येऊ लागल्या, ओठ चाटू लागला, शेपूट पोटाखाली गेली, डोळ्यांचा पांढरा भाग दिसू लागला, तर अंतर चुकले. मागे यायचे. दिवसातून पाच मिनिटे पुरतात.

'घाबरल्यावर खाऊ दिला तर भीतीला बक्षीस मिळते' हा समज अजून टिकून आहे. भीती ही भावना आहे, ती बक्षिसाने वाढत नाही. भुंकणे किंवा उडी मारणे ही कृती खाऊने वाढू शकते. गडगडाटात थरथरणारा कुत्रा मुद्दाम थरथरत नसतो. गळ्याला कसणारी चेन, शॉक देणारा पट्टा, धरून जमिनीवर पाडणे या पद्धती वापरणाऱ्या ट्रेनरला पैसे देऊ नयेत. अमेरिकेतील पशुवैद्यकीय वर्तनतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ मध्ये सर्वच कुत्र्यांसाठी बक्षिसावर आधारित पद्धतींचीच शिफारस केली आहे. घाबरट कुत्र्यात तर गुरगुर दाबली की पुढच्या वेळी तो न गुरगुरता चावतो.

या सगळ्यात एक अडचण अशी की उपचारच भीतीचे कारण बनतात. आठवड्यातून दोनदा आंघोळ, रोज कानात थेंब, तोंडात गोळी. महिन्याभरात ब्रूनो टॉवेल पाहूनच पळतो. त्यावर उपाय म्हणजे हे टप्पे सुटे करणे. बाथरूममध्ये रबराची चटई, शॉवरऐवजी मग, आणि पहिले चार दिवस पाणी नाहीच. नुसते आत जायचे, खाऊ मिळवायचा, बाहेर यायचे. कानाच्या औषधाची बाटली दिसली की खाऊ, आणि मगच स्पर्श. आहाराची चाचणी सुरू असेल तर हा खाऊ बाहेरचा नको. त्याच चाचणीच्या अन्नातला वाटा सकाळीच वेगळा काढून ठेवावा. त्वचेचा डॉक्टर आणि ट्रेनर एकमेकांशी बोलत नाहीत, तेव्हा नेमके इथे बिनसते. ट्रेनर चिकनचे तुकडे आणायला सांगतो आणि सहा आठवडे पाळलेले पथ्य एका रविवारी संपते.

आवाजाचे काय?

फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाने २०२० मध्ये सुमारे १३,७०० कुत्र्यांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यात आवाजाची भीती ही सर्वांत जास्त आढळलेली तक्रार होती, ३२ टक्के कुत्र्यांमध्ये. आपल्याकडे तर गणेशोत्सवातली ढोल-ताशा पथके आणि दिवाळीतले फटाके, असे दोन हंगाम लागोपाठ येतात. त्याची तयारी त्या संध्याकाळी करून भागत नाही. आतल्या खोलीत जागा, खिडक्या बंद, पंखा किंवा टीव्हीचा सलग आवाज, फिरणे दुपारीच उरकणे, पट्टा दुहेरी. भीती तीव्र असेल तर काही आठवडे आधी डॉक्टरांना भेटून औषधाची लहान मात्रा शांत दिवशी आजमावून पाहावी.

भीतीवरही औषधे असतात?

असतात, आणि ती देणे म्हणजे हार नव्हे. फ्लुऑक्सेटिनसारख्या औषधाने कुत्रा गुंगत नाही. शिकण्याइतका तो स्थिर होतो. परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात. घरातल्या माणसाच्या पट्टीतली गोळी मात्र कधीही देऊ नये.

त्वचा आणि स्वभाव यांचे धागे इथे पुन्हा गुंततात. डेमोडेक्स आणि गोचिडींवर आपल्याकडे अमित्राझ हे औषध पाण्यात मिसळून अंगाला लावण्याची पद्धत जुनी आहे, काही गोचीड-पट्ट्यांतही ते असते. अमित्राझ आणि फ्लुऑक्सेटिन किंवा क्लोमिप्रामिन एकत्र वापरणे धोकादायक आहे. एका दवाखान्यात त्वचेचे आणि दुसऱ्यात भीतीचे औषध सुरू असेल, तर दोन्हीकडे सगळ्या औषधांचे फोटो दाखवणे सक्तीचे समजावे. गळ्यातल्या पट्ट्याचासुद्धा.

घरात लहान मूल असेल तर?

पहिला नियम मुलासाठी. ब्रूनो झोपलेला, खात असलेला किंवा त्याच्या जागेत असेल तेव्हा त्याच्याकडे जायचे नाही. मिठी मारायची नाही. मोठे माणूस खोलीत नसेल तर दोघांमध्ये दार किंवा जाळी. कुत्र्याला जाळीच्या तोंडपट्टीची सवय खाऊ देऊन आधीच लावून ठेवावी, दवाखान्यात तीच उपयोगी पडते. रेबीजची लस दरवर्षी चुकवू नये. तरीही दात लागला तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन थेट रुग्णालय गाठावे, कुत्रा घरचा असला तरी.

विकणाऱ्यावर काही बंधन आहे की नाही?

कागदावर आहे. केंद्राच्या २०१७ च्या श्वान पैदास आणि विपणन नियमांनुसार पैदासकाराची राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी हवी. आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. मादी १८ महिन्यांची होण्याआधी तिची पैदास करता येत नाही आणि आयुष्यात पाचपेक्षा जास्त वेते घेता येत नाहीत. जवळच्या रक्तात संकर करण्यास मनाई आहे. म्हणजे '३५ दिवसांचे पिल्लू' ही जाहिरातच नियमभंगाची कबुली ठरते. तक्रार करायची तर जाहिरातीचा स्क्रीनशॉट, पैसे दिल्याची नोंद आणि पिल्लू हाती आले त्या दिवसाचा डॉक्टरांचा कागद जपून ठेवावा.

दुसऱ्या टोकाला, पाळलेला प्राणी उपासमार होईल अशा स्थितीत सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्यासाठी त्यात लिहिलेला दंड आहे १० ते ५० रुपये.

विकणारे अनेकदा 'बदलून देतो' म्हणतात. परत गेलेल्या पिल्लावर महिनोनमहिने उपचार करण्यात अशा विक्रेत्याचा काही फायदा नसतो. मादी असेल तर ती पैदाशीलाच लागण्याची भीती. म्हणून ब्रूनो ठेवायचा असेल तर ठेवावा, नसेल तर त्वचा आणि स्वभाव दोन्हींची खरी माहिती देऊन, पैसे न घेता, ओळखीच्या घरात द्यावा. नसबंदी हवीच, मात्र फार घाबरट कुत्र्यात ती कोणत्या वयात करायची हे डॉक्टरांशी बोलून ठरवावे.

मग ब्रूनो किती सुधारेल?

किड्यांचा आजार असेल तर बहुधा पूर्ण बरा होईल. ॲलर्जी असेल तर ती आयुष्यभराची सोबत, चांगल्या आणि वाईट महिन्यांसह. जन्मतःच आलेला घाबरटपणा कमी होतो, पुसला जात नाही. लग्नाच्या हॉलमध्ये किंवा कॅफेत निवांत बसणारा कुत्रा तो कदाचित कधीच होणार नाही.

मोजमाप ठेवले तर फरक दिसतो. रोज रात्री खाजेला शून्य ते दहा असा आकडा द्यावा, दर रविवारी एकाच उजेडात पंजे, पोट आणि तोंड यांचे फोटो काढावेत आणि दिवसभरात तो कशाला घाबरला, सावरायला किती वेळ लागला हे एका ओळीत लिहावे. डॉक्टरांना 'बरा आहे, पण...' असे सांगण्यापेक्षा हे पान दाखवणे जास्त उपयोगी पडते. बेल वाजल्यावर ब्रूनो आजही सोफ्याखाली गेला, पण मागच्या महिन्यात अर्धा तास लागायचा आणि आज चार मिनिटांत स्वतःहून बाहेर आला, तर तेही त्या ओळीत लिहावे.